बंदूक कुणाच्या भीतीने?

मा. संपादक,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या काजूच्या बागायतीत वडिलांची परवान्याची एकनळी बंदूक होती. भीती रानडुकरांची. निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, तरी आई दार उघडे टाकून अंगणात निजायची. लेक अमेरिकेत आहे. तिथे प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले; म्हणजे भीती माणसांचीच. माझा सहा वर्षांचा नातू शाळेत गोळीबार झाल्यास लपायचे कसे, याचा सराव करतो. फोनवर ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. आता चोऱ्यांच्या बातम्या वाचून आमच्या वाड्यावरची मुलेही परवान्याचे बोलतात. पिकासाठी परवाना जरूर द्या. चोरांच्या भीतीवर मात्र आधी रात्रीची पोलीस गस्त वाढवा, ही कळकळीची विनंती.

– एक बागायतदार, वाळपई