खोडलेल्या चार नोंदी

प्रिय सुहास,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसला असतास आणि माझं अर्धं पोटातच राहिलं असतं. म्हणून लिहूनच काढतो.

माळा आवरताना आपली आर आर लायरी या ताऱ्याच्या नोंदींची वही सापडली. वीस वर्षं झाली रे! वेळ, शेजारचे दोन तारे, अंदाजे प्रत (तेजाचा आकडा, लहान तितका तारा तेजस्वी), आणि समासात तुझे शेरे. दर तेरा तास छत्तीस मिनिटांनी उजळून मंदावणारा तो तारा आपल्याला किती छळायचा, आठवतं? आज रात्री नऊला तेजाचा कळस, उद्या मध्यरात्र उलटल्यावर, परवा पहाटे साडेतीनला. मग दिवसाउजेडी गडप, आणि आजपासून चार दिवसांनी पुन्हा संध्याकाळी आठच्या सुमारास हजर. अडीच-तीन तासांत आठव्या प्रतीपासून सातव्यापर्यंत चढायचा. दुर्बिणीतून बघताना वाटायचं, कुणीतरी वात वर करतंय.

वहीत एका पानावर चार ओळी खोडरबरने पुसलेल्या आहेत. तो उद्योग माझा. कळसाला 7.1 यायला हवा होता आणि मला 7.4 दिसत होता, सलग काही रात्री. मला वाटलं डोळे दमलेत, नाहीतर आकाशात विरळ ढग असावा. तुला दाखवायची लाज वाटली म्हणून पुसून टाकल्या. आता दिवा तिरका धरला की पेन्सिलच्या दाबाचे वळ दिसतात. दोन आकडे लागले, बाकीचे दोन गेले.

पण डोळे ठीकच होते. त्या ताऱ्याचा कळसच खाली-वर होतो. साधारण चाळीस दिवसांचा झोका आहे: काही आठवडे कळस चढत जातो, मग बसत जातो, आणि कळसाची वेळही पुढेमागे सरकते. सर्गेई ब्लाश्को यांनी 1907 साली कालेय तारकासमूहातल्या आर डब्ल्यू ड्रॅकोनिसमध्ये वेळेची ही ओढाताण पकडली, म्हणून नाव ब्लाश्को परिणाम. आर आर लायरीच्या जातीचे किमान एक तृतीयांश तारे असे वागतात म्हणे, कदाचित निम्मेही. आपण मात्र घड्याळासारखा तारा म्हणून तोच निवडला होता!

स्पंदनाचं, म्हणजे ताऱ्याच्या फुगण्या-आकसण्याचं, मूळ कारण तुला ठाऊकच आहे, थोडक्यात आटपतो. ताऱ्याच्या बाहेरच्या भागात हेलियमचा एक थर असतो. तारा आकसला की त्या थरातल्या हेलियमचा उरलेला इलेक्ट्रॉन सुटू लागतो, थर गढूळ होतो, आतली उष्णता अडते. झाकण घट्ट बसल्यासारखं. दाब साठतो, तारा फुगतो, थर निवळतो, उष्णता निसटते, तारा पुन्हा बसतो. इथवर शंका नाही. पण या ठोक्यांवर चाळीस दिवसांची लाट कोण चढवतं, यावर शंभर वर्षं उलटूनही एकमत नाही. कुणी चुंबकीय क्षेत्राला धरलं, पण शोधायला गेल्यावर ताऱ्यावर जोरदार क्षेत्र काही सापडलं नाही. शिवाय सगळे झोके एकसारखे नसतात. चुंबकीय कल्पनेत झोका ताऱ्याच्या फिरण्याशी बांधलेला असतो; मग तो असा बेशिस्त का वागेल? मला तरी पटत नाही.

खरी गंमत अंतराळातल्या केप्लर दुर्बिणीने केली. 2010 मध्ये तिच्या नोंदींतून कळलं की हा तारा मधूनमधून चक्क लंगडतो. एक कळस उंच, पुढचा बुटका, परत उंच. आणि हे जमिनीवरून इतकी वर्षं का दिसलं नाही, ते आपल्या वहीतच आहे बघ! आपल्या तीन रात्रींचे कळस मोज: पहिला, तिसरा, पाचवा. मधले दोन दिवसा होऊन जातात. म्हणजे सलग रात्री आपण एकाच पायाची पावलं मोजत होतो. पुढे गणित करणाऱ्यांनी दाखवलं की मूळ स्पंदन आणि नववा अधिस्वर (मूळ स्पंदनाच्या जोडीचं जास्त जलद स्पंदन) 9:2 या प्रमाणात एकमेकांत अडकले तर अशी लंगड येते, आणि त्यातूनच लांबचा झोकाही उपजू शकतो. सगळ्या ताऱ्यांना ते लागू पडेलच असं नाही, पण माझं मत तिकडेच झुकतं.

ध्रुवाचंही ऐक. अढळपद मिळालेला तो, पण चार दिवसांचं बारीक स्पंदन त्यालाही आहे. विसाव्या शतकात ते इतकं मंदावलं की आता थांबणार असं वाटू लागलं. मग गडी पुन्हा जोर धरू लागला.

आता माझ्या हळहळीचं कारण. आर आर लायरीचा चाळीस दिवसांचा झोका केप्लर बघत असतानाच लहान-लहान होत गेला, आणि त्याची लांबीही गेल्या शतकभरात साधारण 40.8 वरून 39 दिवसांवर आलेली आहे. म्हणजे मी आज पुन्हा गच्चीवर बसलो तरी त्या चार रात्रींची भरपाई होणार नाही. आपल्या नोंदींनी जगाचं काही अडलं नव्हतं, हे मान्य. तरी जीव चुटपुटतो.

तुझ्या कामाची गोष्ट एवढीच: त्या आठवड्यात आपण आळीपाळीने बघत होतो. तुझी वेगळी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. तीत त्याच रात्रींच्या नोंदी असतील तर पानाचा फोटो पाठव. आणि आकडे विचित्र वाटले तरी कृपा करून हात लावू नकोस.

तुझा,
मिलिंद