बाबा, त्याला भरतीचं सांगितलंत म्हणून लिहितोय

ती. आई बाबा, नमस्कार

काल बाबा म्हणाले की दादाच्या पोराला सांगितलंय, काकासारखं एअरफोर्समध्ये जा, विमानाचा इंजिनिअर होशील. ऐकून भरून आलं मला, पण झोप नाही लागली, आत्ता नाईट शिफ्ट करून रूमवर आलोय आणि लिहायला बसलोय.

2001 ला बाबा मला बेळगावला सांब्र्याला एअरफोर्सच्या ट्रेनिंगला सोडायला आले तेव्हा इंजिनिअरिंगची फी आपल्याला झेपणारी नव्हती म्हणून मी गेलो, हे आपल्या तिघांना माहितीये. पुढं प्रोपल्शन फिटर म्हणजे विमानाच्या इंजिनाचा ट्रेड मिळाला, जामनगरला जॅग्वार या लढाऊ विमानांवर लागलो. एकदा काम संपल्यावर टूल बोर्डवर एका पान्याची जागा रिकामी दिसली, मग विमान जागचं हलवायचं नाही म्हणजे नाही, रात्री दोनपर्यंत आम्ही सगळे टॉर्च घेऊन इंजिनाच्या आसपास शोधत होतो, एका पॅनलमागं सापडला आणि मगच फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही केली. त्या सहीवर विश्वास ठेवून पायलट सकाळी वर जातो. हे कुठल्याच कॉलेजात मला असं शिकायला मिळालं नसतं.

पण बाबा, एअरफोर्सनं मला टेक्निशियन केलं, इंजिनिअर नाही. सिव्हिलमध्ये विमान उड्डाणाला सोडायची सही करायला डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान खात्याचं, लायसन्स लागतं, ते वेगळं मिळवावं लागलं. बी 1.1 म्हणजे टर्बाइन इंजिनच्या विमानांचं लायसन्स, त्याचे मॉड्यूल म्हणजे पेपर मी क्वार्टरमध्ये पोरगी झोपल्यावर बसून दिले, दोन तर परत परत दिले. वर सिव्हिल विमानावरचा अनुभव वेगळा दाखवावा लागतो, त्यामुळं 2021 ला बाहेर पडल्यावर लायसन्स हातात येईपर्यंत मी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या हाताखाली काम केलंय. तुम्हाला सांगितलं नाही, आई रडली असती. तेव्हा घर चाललं ते 20 वर्षांच्या नोकरीच्या पेन्शनवर.

आणि दादाच्या पोराला तीच पेन्शन नसणार. 2022 पासून भरती अग्निवीर म्हणून होते, ट्रेनिंग धरून 4 वर्षं, त्यातले 25 टक्क्यांपर्यंत पुढं ठेवतात, बाकीच्यांना सेवा निधीचे एकरकमी पैसे मिळतात आणि घरी. ट्रेडही आपण म्हणू तो मिळेलच असं नाही, विमानाला हात न लावता चार वर्षं जाऊ शकतात.

मी नको म्हणत नाहीये. त्याला वर्दी हवी असेल तर बिनधास्त जाऊ दे, मी स्वतः सोडायला जाईन सांब्र्याला. पण त्याला विमानच हवं असेल तर बारावीनंतर डीजीसीए मान्य एएमई म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंगच्या कॉलेजचा सरळ रस्ता आहे, फी लाखात आहे पण यावेळी मी आहे ना, दादाला सांगा काळजी करू नको. आणि भरतीच झाला तर पहिल्या वर्षापासून मॉड्यूलचा अभ्यास सुरू करायचा आणि सेवा निधीला घरात कुणी हात लावायचा नाही, तो त्याच्या लायसन्सला.

त्याला आधी विचारा तरी, नक्की काय हवंय. रविवारी घेऊन बसा, मी दुपारी व्हिडिओ कॉल करतो, पुस्तकं पण दाखवतो. आई, गुडघ्याचं तेल कुरिअर केलंय, बुधवारपर्यंत येईल.

तुमचा
बाळू