नातवंडांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी : मंडळीतील आजी-आजोबांना आणि पालकांना आवाहन

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतील. त्याआधी आपल्याला दोन गोष्टींची जमवाजमव करायची आहे. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, शिक्षण निधीसाठी पैसे हवेत आणि संडे स्कूलसाठी, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गासाठी, माणसं हवीत. पैशांपेक्षा माणसं मिळणं अवघड होऊन बसलंय, म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे. पत्र सगळ्या पालकांसाठी आहे, पण आजी-आजोबांनी ते चष्मा लावून, सावकाश वाचावं अशी खास विनंती.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मूल 'सेंट' नावाच्या शाळेत घातलं की त्याच्या ख्रिस्ती शिक्षणाची सोय झाली, असं आपल्यातली पुष्कळ मंडळी धरून चालतात. प्रवेशाच्या दिवसांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी पाळकसाहेबांच्या दारात चपला मावत नाहीत. दाखला मिळतो, प्रवेश होतो, आणि ते कुटुंब पुन्हा दिसतं ते थेट नाताळाला. (हा टोमणा वाटला, तर आहेच.)

मिशनच्या शाळांना नावं ठेवायची नाहीत. आपण त्यांच्याच जिवावर उभे आहोत. स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात १८४६ साली शाळा काढली तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा व्हायला अजून आठ वर्षं होती. हिस्लॉप पाद्री होते, शिक्षक होते, आणि नागपूरच्या आसपासचे दगड, जीवाश्म गोळा करणारे पक्के भूशास्त्रज्ञही होते. गोंडांच्या परंपरांची माहितीही त्यांनी जमवली. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटकडची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परत येताना ते पाण्यात बुडून गेले. बायबल शिकवणारा माणूस दगडाचं वय शोधतो, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही, हे आजच्या काही उत्साही बंधूंनी ध्यानात घ्यावं. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ सालचं, सदरमधली एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) शाळा १८७० ची. आपल्या कितीतरी घरांतली पहिली मॅट्रिक झालेली बाई, पहिली नर्स, रेल्वेत लागलेला पहिला माणूस अशाच मिशन शाळांतून बाहेर पडला.

पण या शाळा आज आपल्या मुलांना विश्वास शिकवतील ही अपेक्षा चुकीची आहे. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. कलम २८ ने त्याचबरोबर सांगितलं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला बसायची सक्ती करता येणार नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागेल. हे योग्यच आहे. वर्गातली बहुतेक मुलं इतर धर्मांची असतात, त्यांच्या आईवडिलांनी शाळेवर भरवसा टाकलेला असतो. त्यामुळे सकाळी प्रार्थना होते, मूल्यशिक्षणाचा तास होतो, नाताळाची नाटुकली होते. घर सोडून गेलेल्या आणि परतलेल्या उधळ्या पुत्राची येशूने सांगितलेली गोष्टही सांगितली जाते आणि तिचं तात्पर्य फळ्यावर येतं : चुकलेल्याला क्षमा करावी. तो बाप कोण, तो दुरूनच मुलाला पाहून धावत का सुटला, हे सांगणं त्या शिक्षिकेचं काम नाही. ते तुमचं-आमचं काम आहे, आणि आपण ते कुणीतरी करतंय असं समजून सोडून दिलंय.

तेव्हा ख्रिस्ती शिक्षण निवडायचं म्हणजे नेमकं काय निवडायचं? शाळा हा त्यातला एक भाग. खरी निवड रविवारी सकाळी होते. आठवीपर्यंत मूल कसंबसं संडे स्कूलला येतं. नववीला क्लास लागतो, क्लासची टेस्ट रविवारी सकाळी असते आणि मूल गळतं. अकरावी-बारावीला जेईई-नीट. मग दृढीकरणाच्या (कळत्या वयात आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात जी मुलं येतात त्यांना दहा आज्ञा पाठ असतात, पण आज्ञा मोशेला कुठे मिळाल्या ते ठाऊक नसतं. क्लासवाल्यांशी भांडा असं कुणी म्हणत नाही. आपल्याच एका भगिनीने त्यांना साधं विचारलं की मुलगी दुपारच्या बॅचला टेस्ट देईल का, आणि ते हो म्हणाले. बाकीच्यांनी विचारूनच पाहिलेलं नाही.

आता आपलं संडे स्कूल. ज्यांनी अलीकडे आत डोकावलं नसेल त्यांनी एकदा डोकवावं. देवळामागच्या खोलीत, जिथे नाताळाचा तारा आणि मोडकी बाकं ठेवतो तिथे, केजीपासून आठवीपर्यंतची सगळी पोट्टे एकाच सतरंजीवर बसतात. कूलरचा पंप गेलाय. एप्रिलपासून तो नुसता गरम हवा फेकतो आणि वर आवाज करतो. फ्लॅनेलच्या बोर्डावर कापडी चित्रं चिकटवून जक्कयाची, म्हणजे येशूला पाहायला झाडावर चढलेल्या माणसाची, गोष्ट लावली की जक्कय झाडावरून आपोआप खाली येतो, येशूने बोलवायच्या आधीच, कारण त्याच्या पाठीमागचं कापड झिजलंय. लहानगी हसतात. सातवीतली मुलं मोबाईल काढतात. शिकवणाऱ्या दोन्ही भगिनी नोकरी करतात आणि रविवार हा त्यांचाही एकच सुट्टीचा दिवस असतो. त्यांच्यापैकी एकीला घरचं आजारपण निघालं की त्या दिवशी वर्ग म्हणजे चित्र रंगवणे.

भाषेचा गुंता वेगळाच. नागपूरचं मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतं. बोलायला तिन्ही येतात. पण मराठी बायबल हातात दिलं की 'करिंथकरांस' या पौलाच्या पत्राच्या नावापाशीच गाडी अडते. ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत. ते मराठीचे नावाजलेले कवी होते, पुढे १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि अभंगाच्या चालीत ख्रिस्ताची गाणी मराठी मंडळीला मिळाली. ती गाणी आज आपल्या आज्यांना तोंडपाठ आहेत आणि नातवंडांना परकी. मुलांना इंग्रजी बायबल द्यायलाही आमची हरकत नाही, त्यावरून वाद घालू नका. मात्र आजीचं बायबल आजीने मोठ्याने वाचावं. वाचता न येणारी भाषा कानाने कळते.

आणि इथे आजी-आजोबांची गोष्ट येते. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्याच्यातल्या विश्वासाची आठवण काढताना आधी आजीचं नाव घेतो, लोइस, आणि मग आईचं, युनीके. वडील ग्रीक होते, ते त्या वाक्यात नाहीत. घरातलं धर्मशिक्षण एका म्हातारीने सांभाळलं आणि मंडळीला पाळक मिळाला. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली आज्ञाही काही वर्गखोली मागत नाही : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला. नोकरी करणाऱ्या आईबापांकडे निजता-उठतानाचा वेळ उरलेला नाही. तो तुमच्याकडे आहे.

आपल्या मंडळीत रेल्वेतून, एजी (महालेखापाल) ऑफिसातून, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेली, मिशन शाळांत पस्तीस वर्षं शिकवलेली, इस्पितळांत नर्सिंग केलेली माणसं आहेत. हजार मुलांना पाढे शिकवलेली बाई 'मला बायबल शिकवायला जमणार नाही' म्हणते तेव्हा काय बोलावं सुचत नाही. जमतं. आम्हाला सहा जण हवेत, म्हणजे मुलांचे तीन गट करता येतील आणि प्रत्येक गटात कायम दोन मोठी माणसं राहतील. हा दोघांचा नियम आम्ही मोडणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तो आहे, शिक्षक कितीही जुना आणि ओळखीचा असो. शेजारपाजारचं इतर धर्माचं मूल मित्राबरोबर आलं तर त्याच्या पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय त्याला वर्गात बसवायचं नाही, हेही शिकवायला येणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. मे महिन्यात पुण्या-बंगळूरहून नातवंडं येतात तेव्हा सुट्टीतली बायबल शाळा सकाळी सातला भरवू, दहाच्या आत मुलं घरी. उन्हाचं कारण त्यामुळे चालणार नाही.

आता पैसे.

केंद्र सरकारची अल्पसंख्याक मुलांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती उरली. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे, हे कारण सांगण्यात आलं. मोफत आहे ते सरकारी शाळेत. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवल्या, पण अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. म्हणजे आपल्या मंडळीतल्या ऑटोचालकाचं किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईचं मूल त्या कायद्याच्या आधारे इतर खासगी शाळेत मोफत जाऊ शकतं, मिशनच्या शाळेत नाही. तिथे शाळेने स्वतः सवलत दिली तर ठीक, नाहीतर फी भरायची. ही भर आपण घालू शकतो.

निधीतून फी द्यायची ती शाळेच्या नावाने चेक काढून. पालकांच्या हाती रोख नाही. कुणाला मदत मिळाली ते मंडळीत वाचून दाखवलं जाणार नाही. आणि मदत फक्त मिशन शाळेतल्या मुलांना मिळेल असंही नाही. महानगरपालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला दप्तर, गाईड, सायकल लागते. तिचा हक्क तेवढाच. उलट, फायनान्सचं कर्ज काढून मोठ्या नावाच्या शाळेत घालायचा बेत असेल तर आम्ही आधी घरी येऊन बोलू. कर्जापायी आईबाप रोज भांडणार असतील, तर त्या घरात मूल काय शिकणार?

ज्यांना जमेल त्यांनी वर्षभर महिन्याला ५०० रुपये द्यावेत. पेन्शनवर असाल तर १०० चालतील, आणि ते लाजत देऊ नका. नातवाच्या वाढदिवसाला केकबरोबर एखाद्या मुलाच्या वह्यांचा खर्च उचला, नातवालाच पाकीट घेऊन पाठवा. वस्तू देणाऱ्यांनी आधी विचारावं. गेल्या खेपेचे जुने स्वेटर अजून त्याच खोलीत आहेत. तूर्त हवंय ते हे : कूलरचा पंप किंवा नवा कूलर, फ्लॅनेलच्या चित्रांचा एक पूर्ण संच, मोठ्या टाइपातली मराठी बायबलं, आणि भिंतीवर लावायचा पॅलेस्टाइनचा नकाशा, ज्यात यरीहो आणि यरुशलेम यांच्यामधला रस्ता दिसेल.

हिशेबाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण विचारणा होते. हा निधी आपल्याच मंडळीच्या मुलांसाठी आहे आणि एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या निधीला आयकरातली '८०-जी'ची सवलत मिळत नाही. तेव्हा पावती मिळेल, सवलत मिळणार नाही. परदेशातल्या ज्या मुलामुलींकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ते विदेशी देणगीत मोडत नाहीत, खुशाल पाठवावेत. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड आहे, त्यांचे पैसे विदेशी देणगी ठरतात आणि आपल्या निधीला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी, नोंदणी नाही. 'भावाच्या खात्यावर टाकतो, तो देईल' ही युक्ती सुचवू नये. सुट्टीत आल्यावर बायबल शाळेत शिकवायचं असेल तरी त्यांनी आधी विचारावं, कारण ओसीआय कार्डधारकांना मिशनरी कामासाठी सरकारची खास परवानगी लागते. जमाखर्च दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर लागेल आणि वार्षिक सभेत तपासलेल्या हिशेबासह मांडला जाईल.

शिकवायची इच्छा असणाऱ्यांनी येत्या दोन रविवारी उपासना संपल्यावर मागच्या खोलीत यावं. पोहे आणि तर्री असेल, पण आधी वर्ग कसा चालतो ते अर्धा तास बसून बघावं लागेल. देणगी खजिनदारांकडे किंवा कार्यालयात द्यावी. रोख असो की चेक, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. नाव नको असेल तर पावतीवर 'एक आजी' किंवा 'एक आजोबा' असं लिहून देऊ.

आपले,
शिक्षण समितीच्या वतीने,
चिटणीस
नागपूर