बाबा, ते शेअर्स मी विकले

ती. आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. बाबा, आधी खुर्चीत बसा. आई, तूच वाचून दाखव, तुझ्या आवाजात जरा कमी लागेल त्यांना.

माझ्या नावावरचे शेअर्स मी विकले. सगळे नाही, तिसरा हिस्सा. मंगळवारी विकले, पैसे आलेसुद्धा, त्यामुळे आता फोन करून "थांब थांब" म्हणण्यात काही अर्थ नाही. फोनवरच सांगणार होते, चार वेळा सुरुवात केली, पण दर वेळी तुम्ही बीपीचं काढलंत आणि विषय राहिला. खरं तर मलाच धीर झाला नाही.

आईचे दोन्ही गुडघे करायचेत. डॉक्टरांची तारीख घेतलीये. नंतरचे तीन महिने घरी पूर्ण वेळ बाई राहील, बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसतील, कमोड उंच होईल, पलंगाची उंची पण बघून घेतलीये, आणि तुमची खोली जशी आहे तशीच राहील बाबा, रेडिओ आणि टेबल कुणी हलवणार नाही, मी बजावून सांगितलंय. उरलेले पैसे सुरक्षित ठेवीत टाकलेत, त्याचं व्याज दर महिन्याला आईच्या खात्यात येईल. आईच्या, तुमच्या नाही. तुमच्या खात्यात आलं की तुम्ही परत शेअर्स घेणार, मला माहितीये.

आता तुम्ही म्हणाल, "चिमे, ते तुझ्यासाठी ठेवले होते." हो ना बाबा. वहीत माझ्या नावापुढे लाल पेन्सिलीने लिहिलंय, 'विकायचे नाहीत', खाली दोन रेघा. ती वही डोळ्यासमोर ठेवूनच बटन दाबलं मी, आणि हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

आठवतं? कंपनीचा वार्षिक अहवाल पोस्टाने यायचा आणि तुम्ही मला मांडीवर घेऊन त्यातल्या कारखान्याचा फोटो दाखवायचात, "हा आपला आहे, एका विटेएवढा." मी विचारायचे, माझी वीट कुठली? आणि तुम्ही अगदी गंभीरपणे बोट ठेवून दाखवायचात, दर वर्षी वेगळी. मग तोच अहवाल माझ्या भूगोलाच्या वहीचं कव्हर व्हायचा. शेअर म्हणजे भाव वरखाली करणारा आकडा नाही, धंद्यातली मालकी आहे, हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही, त्या विटेने शिकवलं.

आणि झोपताना गोष्ट कुठली, तर अकरा वर्षांच्या वॉरन बफेची, तुमच्या लाडक्या अमेरिकन गुंतवणूकदाराची! १९४२ साली सिटीज सर्व्हिस या कंपनीचे तीन शेअर्स स्वतःला आणि तीन बहिणीला, ३८ डॉलरच्या आसपास घेतले, भाव २७ वर आला, बहीण रोज शाळेच्या वाटेवर टोमणे मारणार, शेवटी ४० ला विकून मोकळा झाला आणि मग तो शेअर गेला २०० वर. तुमचं तात्पर्य ठरलेलं, घाईने विकू नये. मान्य बाबा. पण मी पन्नाशीला टेकले, तुम्ही ऐंशीच्या पुढे, याला घाई कुठल्या तोंडाने म्हणायची?

आणि तुमच्याच देवाचं पुढचं चरित्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. बर्कशायर मूळची कापडगिरण्यांची कंपनी, १९६५ ला त्याच्या ताब्यात आली, आणि धंदा चालत नाही हे दिसत असूनही कामगारांसाठी, चांगल्या मॅनेजरसाठी तो वीस वर्षं धरून बसला. १९८५ ला गिरणी बंद केली तेव्हा चारच वर्षांपूर्वी सुमारे पाच हजार डॉलरला एक या भावाने घेतलेले माग भंगारात २६ डॉलरला एक असे गेले. धरून ठेवणं हा दर वेळी गुण नसतो, हे त्यानेच भागधारकांना लिहिलेल्या पत्रांतून उघड कबूल केलंय.

उलट ते कँडीचं दुकान बघा, सीज. १९७२ ला अडीच कोटी डॉलरला घेतलं, त्यात परत फारसा पैसा घालावा लागत नव्हता, तर मिळालेला नफा त्याने तिथेच कुजवला नाही, उचलला आणि दुसरे धंदे घेतले. म्हणजे दूध काढलं ना! तुम्ही गाय पाळलीत, चारापाणी केलंत, आणि दूध काढायचं म्हटलं की गाय दुखावेल म्हणता. आणखी एक. बर्कशायरने १९६७ मध्ये एकदाच डिव्हिडंड, म्हणजे भागधारकांना नफ्यातला वाटा, दिला, नंतर कधीच नाही. म्हणजे तिथल्या मालकाला घरखर्चाला पैसे लागले तर थोडे शेअर्स विकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तसं करावं हे बफे स्वतःच सांगतो. बाबा, तुमचा देवच माझ्या बाजूने आहे. (तुम्ही म्हणाल, कोकाकोला १९८८ पासून धरून बसलाय. हो, पण त्याला गुडघे करायचे नव्हते.)

मला खरी भीती रोनाल्ड रीडची वाटली. अमेरिकेतला माणूस, पेट्रोलपंपावर आणि मग झाडलोटीच्या नोकरीत आयुष्य गेलं, २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी वारला तेव्हा कळलं की सुमारे ८० लाख डॉलर मागे ठेवलेत. बहुतेक सगळे शेअर्समधले, हळूहळू घेतलेले, वर्षानुवर्षं धरून ठेवलेले. मोठा वाटा हॉस्पिटलला आणि लायब्ररीला दिला, हे फार मोठं. पण त्याच्या कोटाची बटणं गेली होती म्हणे, सेफ्टी पिनांनी बंद करायचा. लोक ही गोष्ट कौतुकाने फॉरवर्ड करतात, मला मात्र त्या पिना दिसल्या आणि तुमचा कोपरावर विरलेला स्वेटर दिसला. रीडला तसंच आवडत असेल, असू दे. मला माझा बाप असा नकोय.

रागावलात ना? नका रागावू. तुम्ही मला एवढं दिलंत की त्यातला तिसरा हिस्सा गेला तरी मला कळणारसुद्धा नाही. आणि दादाला विचारूनच केलंय, तो म्हणाला आधीच करायला हवं होतं, फक्त सांगायचं काम माझ्यावर ढकलून मोकळा झाला. नेहमीचंच.

आता ऐका. बाबा, पहाटे साडेचारला उठून फोनवर भाव बघायचे नाहीत, त्या वेळी बाजार बंद असतो. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, डबीत भरून ठेवलीये, वार लिहिलेत. ते कुणीतरी तुम्हाला शेअर्सच्या 'टिप्स'च्या ग्रुपमध्ये घातलंय ना, त्यातून आजच बाहेर पडा. मोठ्या गुंतवणूकदाराचा व्हिडिओ दिसला म्हणजे तो तोच माणूस असतो असं नाही, हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात. ओटीपी कुणालाही नाही, मला पण नाही. आणि वहीत नाहीत अशी खाती कुठे कुठे आहेत ते एका कागदावर लिहा. कशासाठी ते नका विचारू, नुसतं लिहा. आई, तू जिना चढायचा नाहीस. वाळत घातलेले कपडे काढायला पण नाही!

आणि बाबा, एक काम तुमचंच. वहीत प्रत्येक पानावर 'विक्री' असा रकाना तुम्ही आखलाय, पट्टीने, चाळीसेक वर्षं सगळ्या पानांवर रिकामा आहे. तारीख, संख्या आणि भाव मी आईला मेसेज केलाय. मला लिहिता आलं असतं, पण तुमच्या अक्षरात हवं. लाल पेन्सिल नको, निळं पेन घ्या.

तुमची,
चिमी