जानेवारी महिना मला द्या

लीड्स, इंग्लंड
१५ डिसेंबर

ती. आई-अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

फोनवर हा विषय काढला की दादा हसून बोलणं रविवारच्या मटणावर नेतो, म्हणून या खेपेला सगळं सविस्तर लिहिते आहे. वहिनी, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि पूर्ण होईपर्यंत कुणाला मध्ये बोलू देऊ नका.

मागणं एवढंच आहे. जानेवारीचा महिनाभर घरात मटण, मासे, अंडी आणायची नाहीत आणि दूध, दही, ताक, लोणी, तूपही खायचं नाही. धान्य, कडधान्य, भाज्या, फळं, शेंगदाणे, तीळ आणि तेल यांवर महिना काढायचा. इंग्लंडात २०१४ पासून जानेवारीत असा महिना पाळायची चळवळ चालू आहे, व्हेगन्युअरी म्हणतात तिला. त्या दिवसांत इथल्या दुकानांत सोयाचे सॉसेज, खोबरेल तेलाचं चीज अशी पाकिटं रचून ठेवलेली असतात. ती मला तुमच्या ताटात नकोच आहेत. लागतं ते सगळं आपल्या स्वयंपाकघरात आहे.

मटण सोडणं आपल्या घराला जड नाही. श्रावण आपण पाळतोच. अडचण आहे ती दुधाची. सकाळचा चहा, अण्णांचं जेवणानंतरचं ताक, भाकरीवरचा लोण्याचा गोळा. छोटीला मात्र यातून वगळा. वाढत्या लेकराचं दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नसतं. आणि आई, तुझ्या देवाच्या पंचामृताला मी हात लावत नाहीये. देवाचं देवाला असू दे. मी फक्त आपल्या ताटाबद्दल बोलतेय.

जानेवारीच का म्हणशील, तर सोलापूरच्या शिवारात यापेक्षा भरलेला महिना नाही. मंगळवेढ्याकडची मालदांडी हुरड्यावर येते, ओला हरभरा येतो, घेवडा, पावटा, गाजर, वांगी, बोरं, सगळं एकदम. भोगीला तू तीळ लावून बाजरीची भाकरी करतेस आणि ती लेकुरवाळी भाजी, तीळकूट-दाण्याचं कूट घालून. त्यात दुधाचा थेंब नसतो. पिठलं, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, दाण्याची आमटी, अंबाडीची भाजी, खरडा, कडक भाकरी कुस्करून केलेला काला, यातही नसतो. कोरडवाहू मुलखात जे पिकलं ते आजी शिजवत आली, आणि त्यातलं बहुतेक आजही आपण आठवड्यातून चार दिवस खातो. म्हणजे महिन्यातला मोठा भाग तुमचा आधीच सुटलेला आहे.

राहिलं दही. वहिनी, हे तुमच्यासाठी खास लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजत घालायचे. सकाळी चोळून सालं काढायची, थोडं थोडं पाणी घालत मिक्सरमधून गंधासारखे बारीक वाटायचे, मग आणखी दोन-तीन वाट्या पाणी घालून पातळ मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं, कारण ते बुडाला पटकन लागतं. बोट बुडवलं तर सोसेल इतकं कोमट झालं की हिरव्या मिरच्यांचे पाच-सहा देठ त्यात सोडायचे आणि झाकून उबेला ठेवायचं. देठांवरच्या जिवाणूंनीच ते आंबतं. पहिल्या खेपेला जरा पातळ लागतं. त्यातलं चमचाभर विरजण म्हणून वापरलं की पुढचं घट्ट येतं. शेंगदाण्याचा वास किंचित राहतो, पण मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी देऊन मठ्ठा केला की अण्णांना दुपारी चालून जाईल. कढीही होते. चोथा टाकू नका, थालिपिठात जातो.

भाकरीवर तुपाऐवजी उखळात कुटलेली शेंगा चटणी घ्या, तेल सुटेपर्यंत कुटलेली, आणि वर कच्चं करडईचं तेल. चहा मात्र आल्याचा, गवती चहा घालून, लिंबू पिळून कोराच प्यायचा. पहिला आठवडा आई कुरकुर करणार, हे मी धरून चालले आहे.

आता अण्णांसाठी. अण्णा, दिवाळीनंतरच्या तुमच्या रिपोर्टचा फोटो दादानं मला पाठवला होता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं आहे, साखरही हवी तिथे नाही. मटणाची चरबी, लोणी, तूप यांत संपृक्त चरबी जास्त असते आणि तिनं एलडीएल चढतं. कडधान्यं, ज्वारी, भाज्या यांतल्या चोथ्यानं ते उतरायला मदत होते. ताटात एवढा बदल झाला तर चार-पाच आठवड्यांतही रक्तात फरक दिसू शकतो. म्हणूनच मी महिना मागते आहे. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, १ जानेवारीच्या आधी एकदा रक्त तपासा आणि महिना संपल्यावर पुन्हा एकदा. मटणाबद्दल आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग करतं असं जाहीर केलं, आणि बकऱ्याच्या मटणासकट सगळं लाल मांस 'बहुधा करत असावं' या गटात टाकलं. रविवारच्या वाटीभर रश्शाला घाबरून जावं असा याचा अर्थ नाही. पण आपल्याकडे तो रस्सा आता बुधवारीही होऊ लागलाय.

डॉक्टरांना मात्र आधी सांगा. तुमच्या साखरेच्या दोन गोळ्या चालू आहेत. खाणं बदललं की साखर खाली येऊ शकते आणि डोस बदलावा लागतो, तो तुम्ही मनानं बदलायचा नाही. दुसरं, बी-१२ तपासून घ्या. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. तुम्ही साखरेसाठी जी मेटफॉर्मिन घेता, तिच्यानं वर्षानुवर्षांत बी-१२ कमी होत जातं, त्यामुळे ही तपासणी तुम्हाला मटण खातानाही हवीच होती. तुमच्या पायाला मुंग्या येतात, तेही त्यांना सांगा.

आणि भजी, शेव, साखरेचा शिरा हेही वनस्पतीचंच असतं बरं का. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत महिनाभर भजी खाऊन रिपोर्ट सुधारणार नाही.

दादा, तुझी तालीम. अंडी सोडली तर ताकद कुठून येणार, हा तुझा प्रश्न ठरलेला. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५च्या आसपास, मटकीत जवळजवळ तेवढीच, सोयाबीनच्या वड्यांत ५०. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं आणि ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. डाळींत जे कमी ते धान्यातून मिळतं. भाकरी आणि उसळ एकाच दिवशी पोटात गेली की हिशेब पुरा होतो. मटकीवर लिंबू पिळत जा, त्यानं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस. कॅल्शियमला नाचणी आहे: १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर, दुधात १२०च्या आसपास. शिवाय दूध प्यायल्यावर तुझं पोट गुडगुडतं हे सगळ्या घराला माहीत आहे. मोठेपणी दुधातली साखर न पचणारे आपल्याकडे खूप जण असतात. महिनाभरात तुला ते कळेल.

हे झालं आपल्या फायद्याचं. मला जे मनातून लागलं ते वेगळंच आहे, आणि ते मामाच्या गोठ्यातलं आहे. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे लहानपणापासून माहीत होतं. मामी धार काढायला बसायची तेव्हा रेडकू सोडायची. ते धावत येऊन ढुशा मारायचं, दोन-चार घोट ओढायचं, म्हशीला पान्हा फुटायचा, की मामा त्याच्या गळ्यातल्या दाव्याला हिसका देऊन खुंटीला बांधायचा. धार संपेपर्यंत ते तोंड आमच्याकडे करून उभं राहायचं, ओठांना फेस लागलेला. पारडी असली तर पुढे सांभाळायचे. रेडा असला तर त्याच्या वाटणीला दूध आणखी कमी यायचं, आणि काही महिन्यांनी सुट्टीत गेलं की तो गोठ्यात नसायचा. कुठे गेला विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची. मामा वाईट माणूस नाही. दुधावर त्याचं घर चालतं आणि नराला आता शेतात काम उरलेलं नाही. पण तो धंदा कशावर उभा आहे हे दिसल्यावर मला दुधाचा पेला पूर्वीसारखा उचलता येत नाही. तुम्हाला महिनाभर त्याच्याशिवाय राहून बघा म्हणावं, इतकंच माझ्या हातात आहे.

जमिनीचंही थोडं सांगते. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. मांस, दूध, अंडी आणि शेततळ्यातले मासे यांसाठी जगातली सुमारे ८३ टक्के शेतजमीन लागते आणि त्यातून आपल्या उष्मांकांपैकी फक्त १८ टक्के मिळतात, असं त्यांना दिसलं. आपली शेळी माळावर चरते, तिथे दुसरं काही पिकत नाही, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा मोहोळ-मंगळवेढ्याला लागू करता येणार नाही. आणि आपल्या जिल्ह्यातलं पाणी उसानंच जास्त ओढलंय, हेही खरं. तरीपण चारा छावणीत जनावरं घेऊन बसलेली माणसं आपण पाहिली आहेत. दुष्काळात तीच जमीन, तेच पाणी आधी माणसाच्या तोंडी जाणारी ज्वारी-तूर पिकवायला मिळावं, असं मला वाटतं.

तर ठरवा. ३१ डिसेंबरपर्यंत फ्रिजमधलं तूप-लोणी संपवा, नवीन कढवू नका. अण्णांची तपासणी त्याच आठवड्यात उरकून घ्या आणि रिपोर्ट मला पाठवा. दादानं रविवारी मटणाऐवजी मसाल्याची अख्खी वांगी आणि दाण्याची झणझणीत आमटी करायची, काळा मसाला हात न आखडता घालायचा. मीही इथे तेच करीन आणि तुमच्या जेवणाच्या वेळी फोन लावीन. एखाद्या दिवशी कुणाच्या लग्नात तुपाची पोळी खाल्ली गेली तर महिना मोडला असं समजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

थंडी फार आहे. तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. – वहिनी, मिरचीचे देठ धुऊन पूर्ण कोरडे करून घाला आणि दही लागलं की काढून टाका, नाहीतर तिखट उतरतं.