आधी छताचं बघू

चि. सौ. बाईस बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मागं बाळाचं रडणं थांबतच नव्हतं. रात्रीचे अकरा वाजले तरी घर भट्टीसारखं तापलेलं आहे, भिंतीला हात टेकवत नाही, म्हणालीस. जवाईबापू हप्त्यानं ए.सी. घ्यायचं म्हणतात, हेही सांगितलंस. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. हे सगळं फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तीस वर्षं गवंडीकाम केलं मी. पक्कं घर म्हणजे स्लॅबचं घर, हे लोकांना सांगत आलो आणि स्वतःही तेच मानलं. आपलं दीड हात जाड मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर मीच पाडलं. त्या घरात मे महिन्यातही दुपारी आजी गोधडी टाकून निवांत झोपायची, तुला आठवत असेल. तुमच्या घरकुलाचा स्लॅबही माझ्याच हातचा. सरकारचे १ लाख २० हजार आणि तुमची थोडी पुंजी, तेवढ्यात बसलं ते बांधलं. तेव्हा दुसरी खिडकी काढायला हवी होती. ती काढली नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.

तुझ्या घराला ऊन लागतं ते मुख्यतः वरून. आपल्याकडे मेच्या २० तारखेनंतर एक दिवस असा येतो की भर दुपारी आपली सावली पायाखालीच राहते. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे ऐन नवतपाच्या, त्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांच्या, तोंडावर सगळं ऊन छतच पितं. चार इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग संध्याकाळपासून खाली सोडायला लागतो. बाहेर वारं थंड झालेलं असतं आणि तुम्ही आत शेकत असता, ते यामुळं. अशा छताखाली ए.सी. लावला तर तो रात्रभर स्लॅबशीच झगडत राहील आणि बिल तुम्ही भराल.

म्हणून आधी छत पांढरं करायचं. कळीचा चुना, म्हणजे न विरवलेले खडे आणायचे, विरवलेली पूड नको. जुन्या लोखंडी पिंपात आधी पाणी भरायचं आणि चुना त्यात थोडाथोडा टाकायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून डोळ्यांत जातं. प्लॅस्टिकची बादली तर त्या उष्णतेनं वाकते. बाळाला त्या दिवशी अंगणात आणू नकोस. रात्रभर विरू द्यायचा, सकाळी गाळायचा, थोडा फेविकॉल मिसळायचा म्हणजे हाताला भुकटी लागत नाही. स्लॅब झाडून, धुऊन, ऊन उतरल्यावर दोन-तीन हात मारायचे. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळी झाली की हे काम काढायचं. धूळ बसली की पांढरेपणा जातो, तेव्हा अधूनमधून झाडू फिरवत जा.

त्यावर हिरवी जाळी बांबूंवर हातभर उंच ताणली तर फारच चांगलं. मधून वारं वाहायला हवं, जाळी स्लॅबला चिकटली तर उपयोग नाही. स्लॅबवर रोज पाणी मारा असं कुणी सांगेल, पण तुमच्याकडे टँकरची पाळी असताना मी ते सांगणार नाही.

दुसरा मार पश्चिमेच्या भिंतीचा. तिथं बांबूचे तट्टे भिंतीपासून वीतभर लांब उभे करा आणि पाऊस पडला की दोडक्याचा वेल चढवा. पराटी-तुराट्यांच्या वाळक्या काड्या लावू नका, तुमची चूल त्याच बाजूला आहे, पेट घेतील. याच पावसात त्या बाजूला एक कडूनिंबही लावा. तो माझ्या नातवासाठी.

सकाळी नऊ-दहालाच खिडकी-दार लावून घेत जा. ऊन उतरल्यावर सगळं उघडायचं.

जुना कूलर आहे तो पुरेल. आपल्या भागातली कोरडी हवा पाणी पिते आणि गार होते, म्हणून इथं कूलर चालतो. तो बाहेरच्या अंगाला, सावलीत बसवा, आणि समोरचं दार वीतभर उघडं ठेवा. बंद खोलीत तोच दमट वारा फिरत राहतो, त्यानं बाळ अजूनच चिरडीला येईल. गवत दर वर्षी बदला. दीड टनाचा ए.सी. जोरात चालू असताना दीड हजार वॅट ओढतो, कूलर साधारण दोनशे. मृगाच्या सरी आल्या की मात्र कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा.

आणि बाई, हे एवढं माझं ऐकच. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तीन पिनांची वायर, खरी अर्थिंग आणि शॉक बसताच लाइन तोडणारं ईएलसीबी, या तीन गोष्टी झाल्याशिवाय कूलर लावू नका. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, ओल्या पायानं हात लावायचा नाही. त्या लोखंडी पत्र्याला बाळाचा हात पोचेल असं काही ठेवू नकोस.

तुझी आई सांगते, बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर वरचं पाणी देऊ नको, छातीशी वरचेवर घे. दुपारी ओल्या फडक्यानं अंग पुसत जा. बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा अंग फार तापलं तर घरी वाट न बघता दवाखान्यात ने.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. थापी, ओळंबा, छिन्नी आणतो. खिडकीच्या समोरच्या भिंतीत, स्लॅबच्या अगदी खाली एक जाळी काढून देतो. गरम हवा वर जाते, तिला रात्री निघायला वाट हवी. जवाईबापूंना सांग, दहा किलो कळीचा चुना, एक लोखंडी पिंप आणि दोन मोठे ब्रश तेवढे आणून ठेवा. त्या रात्री बाज अंगणात टाका, मी बाळाला घेऊन झोपतो.

तुझे,
बाबा