'नुसता गाळ' म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिंदी महासागराच्या तळाशी भारत करत असलेल्या खनिजशोधाची पानभर बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. तांबे, जस्त, सोने, चांदी असे सगळे तीत आले. तळावरच्या गरम झऱ्यांचे आणि त्यांच्या काळ्या धुराड्यांचे, म्हणजे झऱ्याच्या पाण्यातली खनिजे साचून उभ्या राहिलेल्या नळ्यांचे, वर्णनही आले. पण एक वाक्य खटकले : 'धुराड्यांच्या अवतीभवती नुसता गाळ आहे.' हे पत्र त्या 'नुसता' या एका शब्दासाठी आहे. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे असे शब्द खटकण्याची खोड जडली आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. ओहोटीच्या वेळी चिखलात पाय घातला की वरचा बोटभर थर तपकिरी आणि खालचा काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा. आई म्हणायची, 'कुजलंय सगळं.' ते कुजणे नव्हे, ती तिथल्या जिवाणूंची रीत आहे, हे मला पुढे कॉलेजात कळले. चिखलातला प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचा. ते लोहाशी मिळाले की चिखल काळा पडतो. आता हाच चिखल दोन हजार मीटर खोल नेऊन खालून चूल पेटवली तर काय होईल?

ते मेक्सिकोजवळ कॅलिफोर्नियाच्या आखातात, ग्वायमस खोऱ्यात पाहायला मिळते. तिथे समुद्रतळ मधोमध फाटतो आहे. इतरत्र अशा फटीतून लाव्हा वर येऊन तळावर पसरतो. ग्वायमसमध्ये गाळ इतक्या वेगाने साचतो की फटीवर त्याची शेकडो मीटर जाड दुलई पांघरलेली आहे. लाव्हा वर न येता त्या गाळातच शिरतो आणि गाळ शिजवतो. मेलेल्या सूक्ष्म वनस्पतींचे जे खनिज तेल व्हायला एरवी लक्षावधी वर्षे लागतात, ते इथे काही हजार वर्षांत तयार होते. या गाळाचे नमुने जहाजावर आणले की डिझेलचा वास येतो. तळावरचे पाणी तीन अंश सेल्सिअसचे, आणि गाळात हात-दीड हात खाली गेले की काही ठिकाणी तापमान शंभरीच्या पुढे. वरच्या पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या दोनशे पट असल्यामुळे ते पाणी उकळत मात्र नाही.

आणि त्या गाळावर गालिचा असतो. पांढरा, पिवळा, नारिंगी. बेगियाटोआ नावाच्या जिवाणूंचे ते तंतू, आणि त्यातले काही ०.१२ मिलिमीटरपर्यंत जाड. म्हणजे केसाइतके. जिवाणू पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो असे मी वर्षानुवर्षे शिकवत आले, इथे तो लागत नाही. हे तंतू वरच्या पाण्यातले नायट्रेट पोटातल्या पिशवीत साठवून ठेवतात आणि खालून येणाऱ्या सल्फाइडचे ज्वलन करून जगतात. ते सल्फाइड कुठून येते? बरेचसे त्यांच्या पायाखालीच तयार होते. तिथे आर्किया गटातले सूक्ष्मजीव आणि सल्फेटवाले जिवाणू एकमेकांना चिकटून राहतात. एकाने प्राणवायूशिवाय मिथेन खायचा, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन दुसऱ्याने सल्फेटवर वापरायचे. एकट्याने हा व्यवहार परवडत नाही, जोडीने परवडतो. याच गाळातून काढलेले आर्किया असेच जोडीने ब्युटेनही खातात, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. समुद्रतळातला बराचसा मिथेन वर पाण्यात येण्याआधीच या मंडळींच्या पोटात जातो. एरवी तो हवेत पोहोचला असता तर काय झाले असते, हे हवामानाच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आर्किया हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिलेले कारण खारात वाढणारे आर्किया हेच होते. दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांचे घराणे वेगळे. आणि त्या घराण्याशी आपले नाते कसे आहे, हे कळले तेही गाळामुळेच.

२००८ साली नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रात अशीच धुराडी सापडली. त्यांना नाव दिले 'लोकीचा किल्ला'. लोकी हा तिकडच्या पुराणातला कळलाव्या देव. आपल्या नारदाची आठवण येते, पण नारद इतका दुष्ट नाही. या किल्ल्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर, ३,२८३ मीटर खोलीवरून काढलेल्या गाळातला डीएनए स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या थाइस एटेमा यांच्या गटाने वाचला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला : या गाळात असे आर्किया आहेत, ज्यांच्यापाशी पेशीचा आतला सांगाडा उभारणाऱ्या आणि पडद्याच्या पिशव्या हाताळणाऱ्या जनुकांचे भाऊबंद आहेत. तोवर ही सामग्री फक्त दृश्यकेंद्रकी पेशींपाशी, म्हणजे बुरशी, झाडे आणि तुमच्या-आमच्या पेशींपाशी असते असे समजत. आपल्या पेशींचे पूर्वज या घराण्यातून आले असावेत, असा त्याचा अर्थ. काहींनी शंका काढली की दुसऱ्याच कुणाचा डीएनए त्यात मिसळला असेल. जीव कुणी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, तेव्हा शंका रास्तच होती.

तो पाहिला जपानी शास्त्रज्ञांनी. हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जपानजवळच्या नानकाई खंदकातून, २,५३३ मीटरवरून गाळ आणला. (ही जागा गरम झऱ्याची नव्हे, मिथेन झिरपणाऱ्या थंड तळाची, पण सापडलेला जीव लोकीच्या किल्ल्याजवळच्या त्या आर्कियांच्याच गोतावळ्यातला.) स्पंजांनी भरलेल्या नळकांड्यात मिथेन सोडत त्यांनी तो गाळ वर्षानुवर्षे जपला. आपल्या आतड्यातला ई. कोलाय चांगले खाणे मिळाले की वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाला दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. शुद्ध स्वरूपात नव्हे, तर एका सोबती सूक्ष्मजीवासह तो वाढवायला बारा वर्षे गेली आणि २०२० मध्ये त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. पेशीतून लांबलचक, फांद्या फुटलेले हात निघालेले. जनुकांतली सामग्री त्याचीच आहे, हेही पक्के झाले. बारा वर्षे एका गाळापाशी बसण्याचा हा पगार कोणत्या खात्यातून निघतो, असा प्रश्न आपल्याकडे कुणीतरी नक्की विचारला असता.

आता आपल्या महासागराकडे येते. भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २०१६ मध्ये करार करून हिंदी महासागराच्या मध्य आणि नैर्ऋत्य पर्वतरांगांवरचे १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र सल्फाइड खनिजांच्या, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या धातूंच्या, शोधासाठी घेतले. २०२५ मध्ये याच महासागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार झाला. हे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. या रांगांच्या माथ्यावर ग्वायमससारखी गाळाची दुलई नाही, हे मला ठाऊक आहे. खडक पुष्कळदा उघडाच असतो. पण खाचखळग्यांत आणि उतारांवर गाळ साचतो, आणि धुराड्यांतून उसळलेले धातूंचे कण त्यातच येऊन बसतात. मध्य हिंदी रांगेवरच्याच कैरेई नावाच्या झऱ्याच्या धुराड्यातून मिळालेला मेथॅनोपायरस हा आर्किया जपानी प्रयोगशाळेत १२२ अंशांवर वाढला, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याहून गरम ठिकाणी वाढलेला जीव अद्याप नोंदलेला नाही. रुग्णालयात शस्त्रे निर्जंतुक करतात ती १२१ अंशांवर. तुमच्या-माझ्या कुकरची शिटीही त्याच सुमारास होते.

मी शोधाच्या विरोधात नाही. शोध म्हणजे खाणकाम नव्हे, आणि आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर व्यापारी खाणकाम अजून कुठेच सुरू झालेले नाही. म्हणूनच ही वेळ विचारण्याची आहे. खनिज उकरायच्या आधी तिथल्या पर्यावरणाची मूळ नोंद करणे प्राधिकरणाने करारधारकांवर सोपवलेले आहे. आपला वार्ताहर पुढच्या वेळी वास्कोला गेला, तर त्याने टनांचा आकडा घ्यावाच, पण एवढेही विचारावे : गाळाचे किती नमुने घेतले, धुराड्यापासून किती अंतरापर्यंत, त्यातला डीएनए वाचला का, आणि ती माहिती महाविद्यालयातल्या मुलांना मिळू शकते का? यंत्राने तळ ढवळला की उडालेला गाळ दूरवर जाऊन बसणार. खाली कोण होते याची नोंद नसेल, तर काय गेले ते सांगायचे कशावरून?

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका, संगमेश्वर

ता. क. : बातमीसोबत छापलेले लाल तुऱ्यांचे, माणसाएवढे उंच नळीकृमी पूर्व पॅसिफिकमधले आहेत, हिंदी महासागरातले नव्हेत. आपल्या इथल्या झऱ्यांपाशी एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर लोह-सल्फाइडचे खवले असतात आणि तिचे जेवणही पोटातल्या जिवाणूंवरच चालते. खोल समुद्रातल्या संभाव्य खाणकामामुळे धोक्यात आलेली प्रजाती म्हणून २०१९ मध्ये लाल यादीत नोंदली गेलेली पहिली ती. पुढच्या वेळी तिचा फोटो छापावा.